पसंतीक्रम

बारावीचा निकाल लागून नऊ दिवस झाले.
घवाळी सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर
सात कॉलेजांची नावं लिहून दिली
आणि खाली, लाल पेनानं :
फॉर्मचे पैसे बघून तीनच भर.

सात नावं,
चौकात बसलेल्या आमच्या पोरींसारखी,
एक पुण्याकडं तोंड करून, एक मुंबईकडं,
एकमेकींना पाठ.

पुण्याच्या कॉलेजला मॅट आहे. निळी.
माहितीपत्रकात तिच्यावर एक मुलगी
सूर मारताना थांबलेली,
खांबाला हात लागायच्या आतच फोटो काढलाय.
तिचे गुडघे कोरे.
माझ्या गुडघ्यांत पालशेतची लाल माती,
साबणानं निघत नाही,
खोबरेल लावलं की नुसती चमकते.

आई शृंगारतळीच्या बाजारातून आली,
टोपलीत उरलेले चार बांगडे.
हात न पुसता तिनं माहितीपत्रक उलटंपालटं केलं.
म्हणाली, बर्फातली मासळी सगळीच चकाकते गो.
कल्ला उघडून बग.

कॉलेजचा कल्ला कुठं असतो?

रुमाना सोलकर म्हणाली, हॉस्टेलच्या मेसमध्ये.
सर म्हणाले, विद्यापीठाच्या संघात
त्यांच्या किती मुली गेल्या, त्या आकड्यात.
बाबांची जाळं विणायची सुई चालूच होती.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
तिकडून परतीची एसटी किती वाजता?

मी प्रचितीला फोन केला.
माझ्या तीन वर्षं पुढची,
एका डावात सहा गडी टिपलेली,
तिच्यासाठी गावानं बॅनर लावला होता.
मैदान कसंय, सर कसे आहेत, विचारत गेले.
चांगलंय, चांगले आहेत, ती म्हणत गेली.
मागं कुकर.
मग मी विचारलं, जी पडते तिचं काय होतं?
एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
म्हणाली, ऑगस्टात माझा गुडघा गेला.
ऑक्टोबरात खोली बदलली.
आता फी सगळ्यांसारखीच भरते.
संघाच्या फोटोत आहे मी अजून,
बघ, डावीकडून तिसरी.

बघितलं. होती.

आमच्या खेळात एकदा खांदा वळला
की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही.
समोरचा गडी पाठीमागून हसत निघून जातो,
तरी पळायचं, पुढंच.
हा नियम मला सहावीपासून पाठ आहे.
समजला त्या रात्री.

सकाळी रिचार्ज मारला.
सातही ठिकाणी एकच प्रश्न : गुडघा गेला तर?
दोघांनी वेबसाइट बघ म्हटलं.
एकानं विचारलं, वडिलांना दे फोन.
तिघांनी उचललाच नाही.
रत्नागिरीच्या बाई जेवत होत्या.
घास गिळून म्हणाल्या,
हे कुणी विचारलं नव्हतं गं, थांब, रजिस्टर बघते.
आणि खरंच गेल्या बघायला.
फोन टेबलावर तसाच,
पंखा ऐकू येत होता, कपाटाचं दार,
कुणीतरी म्हणालं, बाई, आमटी गार होतेय.
चार मिनिटं. माझा बॅलन्स.

रत्नागिरीला मॅट नाही.
मागच्या वर्षी त्या उपांत्य फेरीतसुद्धा नव्हत्या.
सर ऐकून गप्प झाले,
टोपी काढली, परत घातली.

झेरॉक्सच्या दुकानात संगणकासमोर
पसंतीक्रम एकच्या चौकटीत
कर्सर उघडझाप करतोय.
मागं दोन पोरं रांगेत. आधार कार्ड, जातीचा दाखला.
सहा वर्षं मी अशीच बसलेय,
पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही,
न मिळालेल्या खोवर उठलीस तर फाऊल.

पाठीवर कुणाचा हात नाही.
दुकानदार म्हणाला, नेट जाईल, लवकर कर.

उठले.
वाजू दे शिट्टी.